पोटाचा रकाना

ओल्डमच्या लायब्ररीत दर गुरुवारी, शाळा सुटल्यावर
मी नऊ मुलांना फोन वाचायला शिकवते.
वापरायला नाही. ते त्यांना येतं,
माझ्यापेक्षा बरं येतं.

पहिल्या दिवशी कागदावर तीन रकाने आखले :
किती वाजता. काय दिसलं. पोटात काय झालं.
"पोटात का, मिस? डोक्यात का नाही?"
खुर्चीच्या मागच्या दोन पायांवर झुलत डेक्लननं विचारलं.
काय सांगणार. माझ्या भाषेत
सगळं पोटातच होतं, बाळा.
भीतीचा गोळा तिथेच उठतो, तुटतं तेही तिथेच,
ओठांवर एक असलं की दुसरं तिथे असतं,
आणि शेजारणीच्या दारात नवी गाडी आली
की दुखायला लागतं, तेही तिथेच.
इंग्रजीत एवढं बसेना.
म्हटलं, लिहून तर बघा.

खिडकीतून जुन्या गिरणीची चिमणी दिसते.
एकदा सांगितलं : यंत्र चालू असतानाच
त्याच्याखाली रांगत जाऊन
तुमच्याहून लहान पोरं सांडलेला कापूस वेचायची.
(कापूस कदाचित माझ्या आजोळचा, वऱ्हाडातला.
हे मनातल्या मनात.)
यंत्र थांबवायचं नाही. ते थांबलं
तर कुणाचा तरी पैसा थांबायचा.
"आता कोण रांगतं?"
कुणी बोललं नाही.
केझायानं हातातला फोन पालथा घातला,
दोन मिनिटांनी पुन्हा उताणा केला.
दोन मिनिटं तर दोन मिनिटं.

कागद परत आले, चुरगळलेले, एकावर केचप.
११.२० – मारामारीचा व्हिडिओ – काही नाही.
११.२१ – तीच मारामारी, दुसऱ्या बाजूनं – काही नाही.
११.४० – मांजर – बरं.
१.१० – एका मुलीची कंबर – भूक गेली.
खाली नाव नव्हतं. पण हिरव्या शाईचं पेन
वर्गात फक्त नुसैबाकडे आहे.

मी ते मोठ्यानं वाचलं नाही.
नुसता तसलाच एक फोटो पडद्यावर लावला,
म्हटलं, बाई बघू नका, मागचं दार बघा.
चौकट कंबरेपाशी आत वाकलीय.
कुणाच्या घराची चौकट अशी वाकते?
आणि तीन सेकंद थांबलात तुम्ही इथे,
ते कुणी मोजून ठेवलं?
पुढच्या गुरुवारी नुसैबानं
अकरा वाकड्या चौकटी शोधून आणल्या.
तिसरा रकाना मात्र कोराच होता.
कळणं आणि भूक लागणं
एका दिवशी होत नाही.

"तुमचा कागद कुठाय, मिस?"
डेक्लनच. दुसरं कोण.
पर्समध्ये होता, चार घड्या घातलेला.
वाचला :
१.४० – कॉलेजातल्या मैत्रिणीचा बाणेरचा फ्लॅट, बाल्कनीत पितळी कड्यांचा झोपाळा – दुखलं.
१.५२ – तोच झोपाळा – पुन्हा.
हसतील वाटलं होतं.
डेक्लननं खुर्चीचे चारही पाय जमिनीवर टेकवले.
"हिला गप्प करता येतं, मिस. तिला कळतही नाही.
दाखवू?"
दाखवलं त्यानं. दोन बोटांचं काम.
मी बघून ठेवलं, केलं नाही.

शनिवारी सकाळी तिला फोन लावला.
पडद्यातला नाही, कानाचा.
तिच्याकडे दुपार, भांडी वाजत होती.
गुडघा, पाण्याचा टँकर, मुलाचा दुबईतला पगार,
कुठल्याशा सरांची नक्कल.
झोपाळ्याचं विचारायचं राहूनच गेलं.

त्या दिवशीचा रकाना मराठीतच भरला :
पोटभर.
नुसैबानं वाकून पाहिलं.
"ही अक्षरं अशी वरून का टांगलीत, मिस?
धुणं वाळत घातल्यासारखी?"